दहशत

रामसे बंधूंचा हिंदी भयपट (१९८१). दिग्दर्शक तुलसी व श्याम रामसे. प्रमुख भूमिका : नवीन निश्चल, सारिका, ओम शिवपुरी, नादिरा. संगीत बप्पी लाहिरी यांचे.

कथेच्या केंद्रस्थानी डॉ. विशाल (ओम शिवपुरी) हा विज्ञानवेडा संशोधक आहे. माणूस आणि पशू यांचा संकर घडवण्याच्या ध्यासाने तो नीतीच्या मर्यादा ओलांडतो आणि अखेर स्वतःच हिंस्र श्वापद बनतो. मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ (१८१८) या कादंबरीपासून रूढ झालेली उन्मत्त शास्त्रज्ञाची कल्पना येथे हिंदी पडद्यावर अवतरते. रामसेंच्या ‘पुराना मंदिर’ (१९८४) सारख्या चित्रपटांत भीतीचे मूळ शाप आणि सैतान यांत असते. येथे ते प्रयोगशाळेत आहे. हेच या चित्रपटाचे वेगळेपण होय.

रामसे बंधूंचे वडील, कराचीत रेडिओचे दुकान चालवणारे फतेहचंद रामसिंघानी, फाळणीनंतर मुंबईत आले. त्यांच्या सात मुलांनी लेखन, छायाचित्रण, ध्वनी, संकलन व दिग्दर्शन ही कामे वाटून घेतली. ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) या त्यांच्या गाजलेल्या भयपटाचे चित्रीकरण महाबळेश्वरला झाले होते. अल्प खर्च, रबरी मुखवटे आणि रंगीत प्रकाशयोजना यांच्या बळावर या कुटुंबाने हिंदी भयपटाला स्वतःची ओळख मिळवून दिली. समीक्षकांनी दीर्घकाळ उपेक्षिलेल्या या चित्रपटांना पुढे निष्ठावंत चाहते लाभले. भारतीय लोकप्रिय सिनेमाच्या इतिहासात त्यांचे स्थान महत्त्वाचे आहे.