दोन रुपयांचें वेतन

सरकारी खर्चाच्या मागण्यांवर कायदेमंडळांत होणारी चर्चा पुष्कळांस रुक्ष वाटते. आंकड्यांच्या रकान्यांत रस भरलेला नसतो हें खरें. परंतु राज्य कोणाचें आहे हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें जाहीरनामे बाजूस ठेवून खर्चाच्या बाबी वाचाव्या, आणि एखादी बाब नामंजूर झाली म्हणजे पुढें काय होतें तें पाहावें. मध्यप्रांताच्या कायदेकौन्सिलानें १९२४ च्या मार्च महिन्यांत नागपुरास हाच प्रयोग करून पाहिला.

त्यापूर्वीं अशा प्रयोगास वावच नव्हता. नामदार गोखले यांनीं १९०२ सालीं कलकत्त्यास वरिष्ठ कौन्सिलांत अंदाजपत्रकावर आपलें पहिलें भाषण केलें, आणि सरकारची शिल्लक ही प्रजेच्या भरभराटीची खूण नसून जड करांचें फळ आहे असें आंकड्यांनिशीं दाखविलें. भाषण देशभर गाजलें. पण १८९२ च्या कायद्यानें सभासदांस मिळाली होती ती बोलण्याची मुभा, पैसा अडविण्याची नव्हे. खर्चाची एकही बाब मतास टाकली जात नसे.

१९१९ च्या सुधारणांनीं मत दिलें, परंतु तें देतांना सरकारनें हातचें राखून ठेवलें. कर्जावरील व्याज, वरिष्ठ सरकारास द्यावयाची खंडणी, हायकोर्टाच्या न्यायाधीशांचे आणि भारतमंत्र्यानें नेमलेल्या अधिकाऱ्यांचे पगार, या बाबी मताच्या पलीकडे राहिल्या. उरलेल्या खात्यांचे दोन वांटे झाले. पोलीस, तुरुंग, जमीनमहसूल हीं राखीव; शिक्षण, आरोग्य, शेतकी, स्थानिक स्वराज्य हीं सोंपीव, म्हणजे लोकनियुक्तांतून घेतलेल्या मंत्र्यांच्या हवालीं केलेलीं. राखीव खात्याची मागणी कौन्सिलानें फेटाळली तरी ती अत्यावश्यक आहे असा दाखला देऊन गव्हर्नरास ती पूर्ववत् करितां येई. सोंपीव खात्यांबाबत मात्र हा दाखला चालत नसे. तेथें तातडीच्या प्रसंगीं प्रांताची शांतता राखण्यापुरता किंवा खातें चालू ठेवण्यापुरता खर्च मंजूर करणें एवढेंच त्याच्या हातीं होतें. ही तरतूद वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील सारा घोंटाळा तीतच आहे.

१९२३ च्या निवडणुकींत स्वराज्य पक्षास मध्यप्रांतांत स्पष्ट बहुमत मिळालें. डॉ. मुंजे आणि राघवेंद्र राव हे त्याचे पुढारी. गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांच्या मंत्रिमंडळांत जाण्याचें पक्षानें नाकारलें, कारण कौन्सिलांत शिरावयाचें तें द्विदल राज्यपद्धति मोडण्यासाठीं, असें मतदारांस सांगून ते निवडून आले होते. अंदाजपत्रक पुढें येतांच त्यांनीं मागणीमागून मागणी फेटाळण्यास प्रारंभ केला. वाद राज्यपद्धतीचा होता. म्हणून पोलिसांची मागणी गेली, तशीच शाळांची आणि दवाखान्यांचीही गेली.

एक मागणी तेवढी सर्वस्वीं फेटाळली गेली नाहीं, आणि तिची हकीकत मोठी मौजेची आहे. ती मंत्र्यांच्या वेतनाची. कायद्याचें कलम असें होतें कीं कौन्सिलानें मत देऊन कमी वेतन ठरविलें नसेल तर मंत्र्यास कार्यकारी कौन्सिलाच्या सभासदाइतकें वेतन देतां यावें. आतां वेतनाची रक्कम साफ नामंजूर केली तर ‘कमी वेतन ठरविलें’ असें म्हणतां येईल काय? शून्य हें वेतन नव्हे, असा अर्थ कोणीं काढला तर मंत्र्यांस पूर्ण पगार मिळावयाचा! तेव्हां कौन्सिलानें वर्षास २ रुपये वेतन मंजूर केलें. या दोन रुपयांची चेष्टा म्हणून पुष्कळ चर्चा झाली. परंतु ती नुसती चेष्टा नव्हती. कलम पुढें ठेवून वाचलें म्हणजे तींत वकिली कावा होता हें दिसून येतें.

परिणाम मात्र ठरल्यासारखा झाला. राखीव खात्यांच्या रकमा गव्हर्नराच्या दाखल्यानें परत आल्या. पोलिसांचा पगार थांबला नाहीं, तुरुंगाचें दार उघडलें नाहीं. सोंपीव खातीं चालू राहण्यापुरता पैसा गव्हर्नरानें दिला, पण त्यांतील नव्या योजना बाजूस पडल्या. मंत्री गेले आणि त्यांचीं खातीं गव्हर्नरानें आपल्या हातीं घेतलीं. अर्थात् घाव घातला सरकारावर, आणि रक्त निघालें तें शाळा व दवाखाने यांचें.

मग हें सारें व्यर्थ होतें काय? मला तसें वाटत नाहीं. बहुमताच्या मताला किती किंमत आहे हें शंभर व्याख्यानांनीं जें सिद्ध झालें नसतें तें एका अधिवेशनांत झालें. त्याच वर्षीं बंगालमध्यें देशबंधु दास यांच्या पक्षानेंही मंत्र्यांचें वेतन नाकारलें, आणि द्विदल पद्धतीची अब्रू राहिली नाहीं. परंतु जें शस्त्र शत्रूच्या चिलखतावर बोथट होतें आणि घरच्या माणसांसच लागतें, तें दरवर्षीं उपसणें कठीण असतें, हेंही तितकेंच खरें. ज्या खेड्यांतील शाळा एक वर्ष लांबली त्या खेड्यास राज्यघटनेचा हा धडा कोणत्या भाषेंत समजावून सांगावयाचा? वऱ्हाड-नागपूरच्या पुढाऱ्यांत टिळकांच्या प्रतियोगी सहकारितेची आठवण पुनः जागी झाली ती याच पेचांतून, असें मला वाटतें.

आज भारताच्या संविधानाच्या २०३ व्या कलमाप्रमाणें राज्याच्या विधानसभेनें मागणी नाकारली तर ती परत आणण्याचा दाखला राज्यपालाजवळ नाहीं. मतास न टाकावयाचा भारित खर्च अजून आहे, पण त्यावर चर्चा करितां येते; आणि धोरणाचा निषेध म्हणून मागणी एक रुपयावर आणण्याची कपातसूचना मांडण्याचा प्रघात आहे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनांत पुरवणी मागण्या भराभर मंजूर होतात तेव्हां या जुन्या दोन रुपयांचें स्मरण कितीजणांस होत असेल कोण जाणे.

त्या पक्षांतील माणसांचें पुढें काय झालें हेंही सांगितलें पाहिजे. अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे हे स्वराज्य पक्षाचेच. १९२५ सालीं ते कौन्सिलाचे अध्यक्ष असतां त्यांनीं गव्हर्नराच्या कार्यकारी कौन्सिलांतील जागा पत्करली. त्यावरून पक्षांत मोठें वादळ उठलें, आणि मुंजे, केळकर, जयकर हे पंडित मोतीलाल नेहरूंपासून वेगळे झाले. राघवेंद्र राव यांनींही पुढें मंत्रिपद घेतलें. १९२९ सालीं तांबे यांनीं आणि १९३६ सालीं राव यांनीं मध्यप्रांताचे हंगामी गव्हर्नर म्हणून काम पाहिलें. म्हणजे ज्या दाखल्यानें १९२४ मध्यें त्यांच्या पक्षानें फेटाळलेल्या मागण्या परत आल्या होत्या, त्यावर सही करण्याची खुर्ची कांहीं काळ त्यांचीच होती.