नारायणबलीचा संकल्प आणि पितृशाप

जुन्या याज्ञिक घराण्यांच्या दप्तरांत नारायणबलि-नागबलीच्या प्रयोगाचीं सुटीं पानें पुष्कळदां हातीं येतात. यादी करतांना त्यांवर ‘पितृशापशांति’ असा शेरा मारून तीं बाजूस ठेवण्याचा मोह होतो. प्रस्तुत लेखकही त्यास बळी पडलेला आहे. परंतु या एका शेऱ्याखालीं दोन भिन्न प्रयोजनें झांकलीं जातात, हें येथें दाखवावयाचें आहे.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायावर लिहितांना विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत (इ. स. ११०० च्या सुमारास) नारायणबलि सांगितला आहे, तो आत्मघात करणारासारख्या दुर्मरणानें गेलेल्यांसाठीं. अशा मृताचें आशौच नाहीं, त्यास उदक नाहीं, पिंड नाहीं. वर्ष पुरें झाल्यावर नारायणबलि करावा आणि मग त्याचें और्ध्वदेहिक करावें. सर्पदंशानें मेलेल्यासाठीं वर्षभर पंचमीस नागपूजा, वर्षान्तीं नारायणबलि व सोन्याच्या नागाचें आणि गाईचें दान सांगितलें आहे. येथें शापाची भाषा नाहीं. दुरावलेल्या मृतास पुन्हां पितरांच्या पंक्तीस बसवावें, एवढाच हेतु.

पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांच्या धर्मसिंधूंत (इ. स. १७९०) दुर्मरणाचा विचार आहेच, परंतु तृतीय परिच्छेदाच्या पूर्वार्धांत हेच विधि संततीच्या प्रकरणांतही येतात. तेथें नारायणबलि वंशवृद्धीस आड येणाऱ्या प्रेताच्या मुक्तीसाठीं, तर नागबलि सर्पवधाच्या दोषासाठीं असून त्यांत पिठाचा सर्प करून त्याचा दहनसंस्कार करतात. फरक लक्षांत घ्यावा: मिताक्षरेंत माणूस सर्पानें मेलेला, येथें सर्प माणसानें मारलेला. बृहत्पाराशरहोरेच्या छापील प्रतींत अनपत्यतेचीं कारणें म्हणून सर्पशाप, पितृशाप, मातृशाप इत्यादि ग्रहयोगांवरून सांगितले आहेत, आणि पितृशापावर गयाश्राद्ध हा उपाय दिला आहे. धर्मशास्त्राचा काम्य विधि आणि ज्योतिषाचें निदान यांची सांगड बसली, कीं साहाय्याची अपेक्षा करणारा पितर अडथळा करणारा ठरतो. आजही त्र्यंबकेश्वरीं तीन दिवसांचा नारायण-नागबलि करणारे बहुतेक यजमान याच भावनेनें येतात. त्यांच्या श्रद्धेशीं आमचा वाद नाहीं. वाद शेऱ्याशीं आहे.

पान हातीं येतांच प्रथम संकल्प वाचावा. काम्य प्रयोगांत प्रेत अज्ञात असल्यामुळें त्यास काश्यपगोत्री मानून, कुळाच्या वृद्धीस प्रतिबंध करणारा एवढाच त्याचा निर्देश होतो. दुर्मरणाच्या प्रयोगांत गोत्र व नांव यांसाठीं ‘अमुक’ अशी जागा सोडलेली असते. त्या जागीं किंवा समासांत एखादें खरें नांव लिहिलेलें आढळलें, तर तें पान केवळ याज्ञिकाचें साधन राहात नाहीं. तें एका माणसाच्या मरणाचा पुरावा होतें. वंशावळींत असें नांव गाळलें जाण्याचा संभव अधिक, म्हणून तें तेथें ताडून पाहावें.

सबब संग्राहकांस विनंति एवढीच, कीं यादींत संकल्पाचा प्रकार, प्रेताचा निर्देश आणि समासांतील नांवें स्वतंत्र नोंदवावींत. ज्या मृतास एकदां कुळानें पंक्तीबाहेर ठेविलें, त्यास आपल्या यादीनें दुसऱ्यांदां बाहेर ठेवूं नये.