वीरबाला-पथकनेतृत्व, भारतातील

मुलींच्या वीरबाला (गाइड) पथकांचे स्वेच्छेने केलेले मार्गदर्शन. बेडन-पॉवेल व त्यांची बहीण ॲग्नेस यांनी १९१० मध्ये इंग्लंडमध्ये ही चळवळ सुरू केली. भारतातील पहिले पथक १९११ मध्ये जबलपूर येथे निघाले. तथापि प्रारंभी यूरोपीय व अँग्लो-इंडियन मुलींनाच त्यात प्रवेश असे. भारतीय मुलींना तो १९१६ मध्ये मिळाला. १९५१ मध्ये वीरबाला संघटना ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’मध्ये विलीन झाली. तीत बुलबुल, गाइड व रेंजर या गटांचे नेतृत्व अनुक्रमे फ्लॉक लीडर, गाइड कॅप्टन व रेंजर लीडर करतात. पुण्यातील ‘संगम’ हे जागतिक केंद्र १९६६ मध्ये उघडले. पथक लहान टोळ्यांत विभागून प्रत्येक टोळीची जबाबदारी एका मुलीकडे सोपविली जाते. म्हणून आज्ञा देण्यापेक्षा मुलींना स्वतः निर्णय घेण्यास समर्थ करणे, हेच नेत्रीचे मुख्य कार्य होय.