टकळीपासून बीजभांडवलापर्यंत : वर्गातल्या शिक्षकाचा प्रश्न

सरकारी शाळेत उद्योजकता शिकवायची म्हटलं की आपण मुलांबद्दल बोलतो, सरकारबद्दल बोलतो. आणि फळ्यापाशी उभ्या असलेल्या माणसाचं काय? आज मला तेवढंच बघायचंय. त्यासाठी आधी वर्ध्याला जाऊ.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी तिथे शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष गांधीजी. त्यांची कल्पना अशी, की मूल हस्तोद्योगातून शिकेल आणि त्याने केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघेल. यातला दुसरा भाग शिक्षकाच्या कानाने ऐका. माझा पगार समोरच्या नऊ वर्षांच्या पोराच्या सुतावर! मग मी त्याला शिकवीन, की त्याच्याकडून सूत काढून घेईन?

ही शंका परिषदेतच बोलून दाखवली ती डॉ. झाकीर हुसेन यांनी. ते जामिया मिलियाचे प्रमुख, म्हणजे हाडाचे शिक्षक. स्वावलंबनावर फार जोर दिला तर शिक्षकाचा मुकादम होईल, गरीब मुलं राबवली जातील, असा त्यांचा रोख होता. गंमत म्हणजे आराखड्यासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष तेच! समितीच्या वेळापत्रकात साडेपाच तासांपैकी ३ तास २० मिनिटं उद्योगाला आणि मातृभाषेला ४० मिनिटं. शिक्षकाला महिना शक्यतो २५ रुपये, २० पेक्षा कमी नाहीच. आणि अहवालात पुन्हा तोच धोक्याचा इशारा.

ही योजना ७ ते १४ वयाच्या मुलांसाठी होती. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) शालेय शिक्षणात कार्यानुभव आणला, तो माध्यमिक शाळेतही आला. त्याचं काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. दहावी जवळ आली की तो तास गणिताचे सर मागून घ्यायचे. याला मी शिक्षकांचा आळस म्हणणार नाही. शाळेचं नाव ज्या निकालावर ठरायचं, त्यात या तासाला वजनच नव्हतं.

आता दिल्ली. २०१९ मध्ये तिथल्या सरकारी शाळांत नववी ते बारावीसाठी उद्योजकतेचा अभ्यासक्रम आला. त्याला परीक्षा नव्हती. २०२१ पासून ‘बिझनेस ब्लास्टर्स’मध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना धंदा करून बघायला माणशी २००० रुपये बीजभांडवल मिळत होतं. वर्ध्याच्या कल्पनेत पैसा मुलाच्या हातून शाळेकडे जाणार होता, इथे तो उलटा वाहत होता. म्हणजे मुकादम होण्याची भीती बरीचशी गेली. पण परीक्षा नाही म्हटल्यावर कार्यानुभवाचं जे झालं ते इथे होणार नाही, याची हमी कोण देणार होतं?

आणि एक नवीच अडचण उभी राहिली. सरकारी शाळेतल्या कित्येक मुलांच्या घरी हातगाडी असते, टपरी असते. माल उधार आणणं, गिऱ्हाईक राखणं, संध्याकाळी उरलेली भाजी पडत्या भावात काढणं, हे सगळं त्यांनी जवळून बघितलेलं. शिक्षक मात्र महिन्याच्या पगारावरचा माणूस. अशा वर्गात नफा-तोट्याचा धडा कोणी कोणाला द्यायचा?