बाळू पालवणकर : चेंडूचा स्पर्श आणि कप्तानपद

धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर दर वर्षी ३१ जुलैला खानदेशातील आपली माणसे जमतात. १९३७ साली कोर्टाच्या कामासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर धुळ्यास आले होते, त्याची ही आठवण. काही वर्षांपूर्वी तेथून परतताना मी विद्यार्थ्यांना बाळू पालवणकर यांच्याविषयी सांगू लागलो. सोबत चळवळीतले एक वयस्क कार्यकर्ते होते. त्यांनी मला मध्येच अडवले. म्हणाले, "सर, तो बाबासाहेबना विरोधमा हुभा ऱ्हायना व्हता ना?"

प्रश्न खरा होता. त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर देण्याचा प्रयत्न आहे.

बाळूंचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. घराणे कोकणातल्या पालवण गावचे, जात चांभार, वडील लष्कराच्या नोकरीत. पुण्यात पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात मैदान झाडणे आणि खेळपट्टीवर रोलर फिरवणे हे बाळूंचे पहिले काम. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात लागले, तेथे चार रुपये मिळू लागले. जाळी बांधणे, पट्टी आखणे, टेनिसची कोर्टे राखणे आणि साहेब लोकांना सरावासाठी चेंडू टाकणे ही त्यांची कामे. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज त्यांच्यासमोर तासन् तास सराव करी. बाळूंनी त्याला बाद केले की तो आठ आणे देई, असे सांगतात. या साऱ्या वर्षांत क्लबाने बाळूंच्या हाती बॅट मात्र कधी दिली नाही. बॅट साहेबाची आणि चेंडू चाकराचा, अशी ती वाटणी होती. डावखुऱ्या फिरकीवरची बाळूंची हुकमत ही या चाकरीतून आली.

पुढे पुण्याच्या हिंदूंना युरोपियनांना हरवायचे होते, तेव्हा त्यांना बाळूंची गरज पडली. बरीच वादावादी होऊन त्यांना संघात घेतले गेले. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू ब्राह्मण खेळाडू झेलत होते. चहाची वेळ झाली की हाच माणूस तंबूच्या बाहेर उभा राही. त्याला चहा मातीच्या भांड्यातून मिळे. जेवणाचे पान वेगळे असे. तोंड धुवायला पाणी द्यायचे तर तेही अस्पृश्य माणसाच्याच हातून. चामड्याच्या चेंडूला विटाळ नव्हता, पण कपाला होता. विटाळ कुठे पाळायचा आणि कुठे विसरायचा, हे गरज पाहून ठरत होते.

प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईस गेले. तेथे बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी आणि हिंदू जिमखान्याकडून खेळ सुरू झाला. मुंबईत पंगतीचा विटाळ काहीसा सैल झाला. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्या संघात बाळू होते आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम हेही होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. बहुतेक सामने तो हरला. बाळूंनी मात्र त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले, त्यांपैकी ७५ प्रथम श्रेणीच्या सामन्यांत. परत आल्यावर मुंबईतील अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र भीमराव आंबेडकर नावाच्या कॉलेजातल्या विद्यार्थ्याने तयार केले होते, असे इतिहासकार सांगतात.

मात्र कप्तानपद बाळूंना मिळाले नाही. चौरंगी सामन्यांच्या काळात हा प्रश्न पुनःपुन्हा उठत राहिला. कप्तान झालेल्या एम. डी. पै यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले की हा मान बाळूंचा होता. १९२० साली पै आजारी पडले तेव्हा कप्तानपद देवधरांना दिले गेले आणि बाळूंना संघातूनच वगळले गेले. शिवराम आणि विठ्ठल या दोघा भावांनी निषेध म्हणून सामन्यातून अंग काढून घेतले. गदारोळ झाला. अंतिम सामन्याला बाळू उपकप्तान म्हणून परत आले, आणि पै काही वेळ मैदानाबाहेर गेले तेव्हा संघाची सूत्रे त्यांच्या हाती आली. एवढेच नेतृत्व त्यांच्या वाट्याला आले. १९२३ साली विठ्ठल कप्तान झाले आणि हिंदूंनी स्पर्धा जिंकली.

हे दुःख आपल्याच देशाचे आहे असे नाही. 'लाईनमन' म्हटले की आपल्याकडे खांबावर चढणारा वीज मंडळाचा माणूस आठवतो. अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये लाईनमन म्हणजे पुढच्या फळीत अंगावर धक्के घेणारा खेळाडू. चेंडू बहुधा त्याच्या हाती येत नाही. तो वाट मोकळी करतो आणि नाव दुसऱ्याचे होते. आर्ट शेल हा काळा खेळाडू १९६८ ते १९८२ अशी १५ वर्षे रेडर्स संघाच्या या फळीत उभा होता. तो २०७ सामने खेळला. १९८९ साली त्याच संघाने त्याला मुख्य प्रशिक्षक नेमले. त्या व्यावसायिक लीगमध्ये याआधीचा काळा मुख्य प्रशिक्षक १९२१ सालचा, फ्रिट्झ पोलार्ड. दोघांमध्ये ६८ वर्षे गेली. त्यातही १९३४ ते १९४५ या काळात एकाही काळ्या खेळाडूला लीगमध्ये घेतले गेले नव्हते. अंगमेहनतीचे दार आधी उघडते, निर्णयाचे दार फार उशिरा उघडते. हे दोन्हीकडे सारखेच आहे.

माझे वडील रेल्वेत गँगमन होते. घरात पदवी घेणारा मी पहिला. शाळेच्या कबड्डी संघात माझी पकड चांगली म्हणून मला घेतले होते. पण कप्तान ठरवण्याची बैठक एकाच्या घरी झाली, आणि मी त्या घराच्या ओट्यावर बसून होतो. म्हणून १९२० ची गोष्ट मला फार जुनी वाटत नाही.

आता त्या कार्यकर्त्यांच्या प्रश्नाकडे येतो. १९३२ साली बाळू गांधीजींच्या बाजूने स्वतंत्र मतदारसंघाच्या विरोधात उभे राहिले. पुणे करारावर सही करणाऱ्यांत पी. बाळू हे नाव आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. हे लपवून बाळूंचा गौरव करणे म्हणजे इतिहासाशी अप्रामाणिकपणा होईल.

पण ते असे का वागले, हेही समजून घेतले पाहिजे. गुण दाखवले की दार उघडते, हा त्यांच्या आयुष्याचा अनुभव होता. तंबूबाहेरच्या चहापासून भावाच्या कप्तानपदापर्यंतचा पल्ला त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता, आणि त्याचे श्रेय ते गांधीजींच्या अस्पृश्यतानिवारणाला देत असावेत. बाबासाहेबांनी त्याच पल्ल्याकडे पाहून वेगळा निष्कर्ष काढला. मेहरबानीने उघडलेले दार मेहरबानी संपली की बंद होते, म्हणून त्यांनी हक्क मागितला. माझ्या मते इतिहासाने बाबासाहेबांची बाजू खरी ठरवली. १९२० साली बाळूंना वगळताना त्यांचे ११४ बळी कुणालाही आठवले नव्हते. आणि १९३७ साली काय झाले? महार समाजातून आलेल्या नेत्यासमोर चांभार समाजातला नामांकित माणूस उभा करण्यात आला. बाळूंच्या हाती पुन्हा एकदा चेंडू देण्यात आला. संघ आणि कप्तान दुसऱ्यांचेच होते.

बाळू १९५५ साली मुंबईत वारले. विठ्ठल यांनी 'माझे क्रीडा जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले म्हणून या घराची हकीकत कागदावर राहिली. रामचंद्र गुहा यांनी २००२ साली इंग्रजीत ती विस्ताराने मांडली. ती आपल्या शाळा-कॉलेजांत अजून पोचलेली नाही. बाळूंना वगळले तर सवर्णांनी १९२० साली केले तेच आपण करू. आणि १९३७ वगळून सांगितले तर त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा धडा हातातून निसटेल.

पुढच्या ३१ जुलैला ते कार्यकर्ते पुन्हा लळिंगला भेटले. मी हे सारे त्यांना सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सर, पोरांना सांगा. पण सगळं सांगा." तेव्हापासून मी सगळे सांगतो.