नव्या पदांची पारख

आवडत्या गायकाचे अथवा नाटक मंडळीचे नवे गाणे कानी पडले, की रसिकांच्या बैठकीत पहिला प्रश्न निघतो तो हाच, की याला पूर्वीची सर आहे काय? कोणी मान हलवून ‘नाही’ म्हणतो, कोणी हिरीरीने ‘आहे’ म्हणून सांगतो, आणि मग वाद रंगतो. हा वाद आजकालचा आहे, असे कोणास वाटत असल्यास त्याने आपल्या संगीत रंगभूमीचा इतिहास एकवार डोळ्यांखालून घालावा. गेली सव्वाशेहून अधिक वर्षे मराठी रसिक हाच वाद घालीत आले आहेत. या वादात त्यांनी कोणते माप वापरले आणि ते माप मुळात आले कोठून, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

आरंभ अर्थातच अण्णासाहेब किर्लोस्करांपासून करावयास हवा. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेल्या या नाटककाराचे ‘शाकुंतल’ १८८० साली पुण्यास रंगभूमीवर आले आणि १८८२ साली ‘सौभद्र’ आले. या नाटकांतील चाली अण्णासाहेबांनी कोठून घेतल्या? कीर्तनातून घेतल्या, लावणीतून घेतल्या, कानडी पदांतून घेतल्या. साकी, दिंडी, कामदा ही तर घरोघरी म्हटली जाणारी वृत्ते. देवळातील कीर्तनास बसणाऱ्या माणसास ‘सौभद्रा’तील पदे परकी वाटण्याचे कारणच नव्हते. बडोद्याहून आलेल्या भाऊराव कोल्हटकरांच्या उंच, निकोप आवाजाने ती पदे सर्वतोमुखी झाली. ‘शाकुंतला’त पदांची संख्या दोनशेच्या घरात होती आणि ‘सौभद्रा’त ती शंभराहून अधिक होती. पात्रे पदांतूनच बोलत, पदांतूनच रुसत आणि पदांतूनच समजूत काढीत. एक पद फार काळ चालत नसे. ते झाले की कथा पुढे सरके. प्रेक्षकांच्या मनात नाट्यपदाचे पहिले माप ठरले ते असे.

अण्णासाहेब १८८५ साली निवर्तले. त्यानंतर त्यांच्याच मंडळीने १८९६ साली श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘वीरतनय’ रंगभूमीवर आणले, आणि तेव्हा हे माप प्रथमच अपुरे पडले. कोल्हटकरांनी साकी-दिंडीची वाट सोडून पारशी रंगभूमीवरच्या उडत्या, ठेकेबाज चाली स्वीकारल्या होत्या. मंडळी तीच, गाणारे भाऊरावच, परंतु गाणे निराळे! जुन्या वळणाच्या श्रोत्यांस हा थिल्लरपणा वाटला, तर तरुणांस त्यात मोकळा वारा आल्यासारखे वाटले. आज मागे वळून पाहता दोन्ही पक्षांचे म्हणणे अंशतः खरे होते, असेच म्हणावे लागते. त्या चालींत ‘सौभद्रा’चा घरगुती जिव्हाळा नव्हता हे खरे, पण मराठी पदाने दुसऱ्याच्या अंगणातून काही आणले तरी ते मराठीच राहू शकते, हे त्या नाटकाने दाखविले, हेही तितकेच खरे.

पुढे १९११ साली खाडिलकरांचे ‘मानापमान’ आले. चाली गोविंदराव टेंब्यांच्या आणि भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व. टेंब्यांनी पूर्वेकडच्या ठुमरी-कजरीच्या ढंगाच्या चाली मराठी शब्दांवर बसविल्या. पदांची संख्या पन्नासच्या आसपास उतरली. येथे एक महत्त्वाची गोष्ट घडली : पदे कमी झाली, परंतु प्रत्येक पद लांबले. पूर्वी पद हे कथेचे वाहन होते. आता कथा थांबून पदाची वाट पाहू लागली. ‘वन्समोअर’च्या गजरात एकच पद दोनदा, तीनदा गावे लागे आणि नाटक पहाटेपर्यंत चाले. ज्यांचे कान ‘सौभद्रा’वर पोसले होते, त्यांची तक्रार अशी की, हे नाटक नव्हे, ही तर मैफल! आणि ही तक्रार निराधार होती असे आम्हांस म्हणवत नाही.

बालगंधर्व, टेंबे व गणपतराव बोडस यांनी १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी काढली, आणि १९१६ साली तिच्या रंगमंचावर ‘स्वयंवर’ उभे राहिले. या वेळी चाली दिल्या भास्करबुवा बखल्यांनी. बुवा लहानपणी किर्लोस्कर मंडळीत नट होते. आवाज फुटल्यामुळे ते दिवस संपले आणि मग बडोद्यास फैज महंमद खाँ, पुढे नत्थन खाँ व अल्लादिया खाँ अशा थोर गुरूंकडे त्यांनी विद्या संपादन केली. नाटकातून बाहेर पडलेला हा मुलगा ख्यालगायकीची संपत्ती घेऊन नाटकात परत आला. यमन, भीमपलास, बिहाग यांसारखे राग ‘स्वयंवरा’च्या पदांतून सामान्य प्रेक्षकाच्या कानी गेले. आणि लगेच वाद उभा राहिला : ‘मानापमान’ श्रेष्ठ की ‘स्वयंवर’? एका पक्षास टेंब्यांच्या चालींतला लाडिकपणा हवा होता. दुसऱ्यास बुवांच्या चालींतले रागाचे भारदस्त रूप हवे होते. मौज अशी की, पाच वर्षांपूर्वी ज्या ‘मानापमाना’वर जुन्या पक्षाने नाके मुरडली होती, तेच आता नव्या नाटकाचे माप होऊन बसले होते!

हा वाद केवळ पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांत राहिला नाही. ग्रामोफोनच्या तबकड्यांनी तो गावोगाव नेला. तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. रंगभूमीवर अर्धा तास फुललेले पद तीवर आले की त्याचा अर्कच तेवढा राही. प्रत्यक्ष ऐकलेला आणि तबकडीवर ऐकलेला असे दोन श्रोते एकाच पदाविषयी भांडत, तेव्हा ते वस्तुतः दोन निराळ्या गाण्यांविषयी भांडत असत. आमच्या गोमंतकात तर आणखी एक तिसरे माप होते. देवळांच्या उत्सवांत गावकरी मंडळी हीच नाटके हौसेने करीत, आणि सभामंडपापुढे गायिलेले पद मूळ बरहुकूम उतरले की नाही, याचा निवाडा समोर बसलेले गावचे जाणते करीत. त्याच भूमीतून, मंगेशीहून, दीनानाथ मंगेशकर आले. १९१८ साली निघालेल्या बळवंत संगीत मंडळीतून त्यांनी जे गाणे मांडले, ते गंधर्वांच्या गाण्याच्या अगदी दुसऱ्या टोकाचे. तेजस्वी, झेपावणारे, अनपेक्षित वळणे घेणारे. ‘रणदुंदुभी’च्या (१९२७) वझेबुवांनी दिलेल्या चालींत ते पुरते प्रकट झाले. गंधर्वांच्या मापाने दीनानाथांस मोजणाऱ्यांस ते उणे वाटले. माप बदलण्याची ज्यांची तयारी होती, त्यांस मात्र एक नवेच दालन उघडले.

येथे रसिकांच्या प्रेमाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रेम जेव्हा हट्ट होते, तेव्हा ते कलावंतास जागचे हलू देत नाही. गंधर्वांकडून लोकांस वर्षानुवर्षे तीच भामिनी, तीच रुक्मिणी हवी होती. इकडे काळ पालटत होता. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट आला आणि त्यात हरिश्चंद्र झाले ते ‘मानापमाना’चे चालकार टेंबेच! नाटक मंडळ्या कर्जात बुडत चालल्या. त्याचा सारा दोष श्रोत्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. मंडळ्यांचा उधळा खर्चही त्यास कारण झाला. परंतु नव्याची भूक ज्या श्रोतृवर्गास उरत नाही, तो आपल्या लाडक्या कलेस फार काळ पोसू शकत नाही, हा धडा त्या काळाने दिला.

पुढे १९६४ साली गोवा हिंदु असोसिएशनने वसंत कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’ रंगभूमीवर आणले. मंगेशीच्याच पंडित जितेंद्र अभिषेकींनी पदे मोजकी ठेवली, आटोपशीर केली, आणि कथेस पुन्हा वाट मोकळी करून दिली. तेव्हा अगदी उलट तक्रार झाली : पद रंगायच्या आत संपते! ‘मानापमान’ लांबते म्हणून रुष्ट झालेल्यांच्या नातवंडांनी ‘मत्स्यगंधा’ आखडते म्हणून रुष्ट व्हावे, यात काळाची केवढी थट्टा आहे! आज मात्र अभिषेकींच्या चाली हेच अनेकांचे माप आहे. १९६७ सालच्या त्यांच्या ‘कट्यार काळजात घुसली’वर २०१५ साली चित्रपट निघाला, आणि २०२५ साली ‘मानापमाना’वर निघाला. दोहोंत जुन्या पदांशेजारी नवी गाणी बसली आणि पुन्हा तोच प्रश्न घरोघरी निघाला.

मग तुलना करूच नये काय? असे आमचे म्हणणे नाही. तुलना हा रसिकाचा धर्मच आहे. ज्याला जुने आठवत नाही, त्याला नव्याची किंमत कशी कळणार? ज्या समाजात पदांवरून भांडणे होतात, तेथे पदे जिवंत असतात. आमचे सांगणे एवढेच, की निवाड्यास बसण्यापूर्वी आपल्या हातातील माप कोणाच्या गाण्यातून घडले आहे, हे ओळखावे. नवे पद जुन्यासारखे आहे काय, हे विचारण्याआधी ते काय करू पाहते, ते विचारावे : शब्द श्रोत्यापर्यंत पोचतात काय? चाल पात्रास शोभते काय? आणि दहाव्यांदा ऐकताना त्यात अकरावे ऐकण्याजोगे काही उरते काय? किर्लोस्करांपासून अभिषेकींपर्यंत जे टिकले, ते या तीन कसोट्यांवर टिकले. जे टिकले नाही, त्याची नावेही आज कोणी घेत नाही. परंतु ज्या दिवशी ही पदे नवी होती, त्या दिवशी कोणते टिकेल हे कोणासही छातीठोकपणे सांगता आले नव्हते. आजच्या नव्या गाण्याविषयी बोलताना आपणही तेवढा नम्रपणा बाळगावा, हे बरे.