वेड्या बाभळीचा निखारा

बोकड पडलं की पहिला घास पंगतीत वाढला जात नाही. रस्सा शिजायला वेळ असतो, वाटण अजून पाट्यावर असतं, आणि चुलीपाशी घुटमळणाऱ्या पोरांच्या हातावर कुणीतरी काळजाचा भाजलेला तुकडा ठेवतं. मीठ चोळलेला, वरून करपलेला, आत ओलसर. पाहुण्यांच्या वाट्याला हा तुकडा क्वचितच येतो. बारामतीत गच्चीवर लोखंडी शेगडी मांडून सळयांना चिकन टोचणाऱ्या पोरांना वाटतं, हे खूळ पुण्या-मुंबईहून आलं. शेगडी आली असेल तिकडून. भाजणं इथलंच आहे, आणि फार जुनं आहे.

किती जुनं, ते शिरूर तालुक्यातल्या इनामगावात कळतं. घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. सांकळिया, अन्सारी आणि ढवळीकर यांच्या कुदळीखाली साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती निघाली. तिथल्या घरांत चुली सापडल्या, खड्ड्यांतल्या आगट्या सापडल्या आणि सुरीच्या खुणा असलेली जळकी हाडंही सापडली. मांस उघड्या आगीवर भाजलं जात होतं, हे त्या हाडांनीच सांगितलं. हीच घोड पुढे भीमेला मिळते आणि भीमा इंदापूरच्या शिवेवर उजनीच्या पाण्यात पसरते.

त्यानंतरचा लेखी पुरावा राजाच्या मुदपाकखान्यातला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यातल्या अन्नभोगाच्या भागात मांस सळईला टोचून निखाऱ्यावर भाजायच्या कृती आहेत. काळजाचे सुपारीएवढे तुकडे करून ते आधी निखाऱ्यावर भाजायचे, मग मसाल्यात परतायचे, असंही त्यात सांगितलं आहे. राजाचं आणि जत्रेतल्या पोराचं काळीज एकाच आगीवर भाजलं जायचं. फरक मसाल्याचा.

खेड्यातल्या घरात मात्र यासाठी कोळसा विकत आणायची रीत नव्हती. निखारा हे चुलीचं उरलंसुरलं धन. कोळसा लागायचा लोहाराला, सोनाराला, इस्त्रीवाल्याला. गावरान कोंबडी पिसं काढून, हळद चोळून जाळावर धरायची, तेव्हा खाली कडबा किंवा पाचट पेटलेलं असे. मांसाच्या लांब पट्ट्या कापून उन्हात वाळवलेल्या चान्या गावकुसाबाहेरच्या घरांत जपून ठेवल्या जात आणि अडीअडचणीला निखाऱ्यावर भाजून खाल्ल्या जात. आमच्या खाद्यलेखनाने या चान्यांकडे फार काळ पाहिलंच नाही. शाहू पाटोळ्यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून २०१५ साली ही कसर थोडी भरून काढली. ते पुस्तक मराठवाड्याचं आहे, पण चान्यांना भीमेची हद्द माहीत नव्हती.

कोळशाची मागणी वाढवली ती तंदूरने. फाळणीनंतर पंजाबी निर्वासितांनी तंदूर दिल्लीच्या खानावळींत आणला, आणि मग ट्रकांच्या मागोमाग तो ढाब्याढाब्यावर पोचला. पुणे-सोलापूर रस्ता भिगवण आणि इंदापूरवरूनच जातो. कापलेल्या पिंपाची भट्टी, तिच्यावर जाळी आणि खाली लाकडी कोळसा, हा थाट ढाब्यावरून घराच्या गच्चीवर चढायला फार वेळ लागला नाही.

आणि हा कोळसा येतो कुठून? बराचसा वेड्या बाभळीचा. हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी ते हिंदुस्थानात लावलं, सरपण व्हावं आणि उजाड रानं झाकली जावीत म्हणून. शेळ्यामेंढ्या त्याच्या गोड शेंगा आवडीने खातात, पण बी पचत नाही. ते लेंडीतून बाहेर पडतं आणि उगवतं. ज्या बोकडाचं काळीज भाजायचं, त्याच्याच कुळाने भाजायचं सरपण रानभर पेरून ठेवलं आहे! भिगवणला निखाऱ्यावर चिलापी भाजली, तर मासा आफ्रिकेचा आणि जाळ अमेरिकेचा. भूक तेवढी आपली.

उजनीच्या काठाने आणि माळावर ही बाभूळ तोडून कोळशाच्या भट्ट्या लावतात. ओंडके दाटीने रचायचे, त्यावर गवत-पाला, त्यावर ओल्या मातीचा जाड थर. आग द्यायची आणि हवेला मोजकी भोकं ठेवायची. लाकूड जळू द्यायचं नाही, नुसतं कोंडून तापवायचं. आधी पांढरा दाट धूर निघतो, तो लाकडातल्या पाण्याचा. मग धुराचा रंग बदलत जातो, आणि तो विरळ निळसर झाला की भोकं बुजवायची. हे काही दिवस चालतं. माती कुठे खचली आणि वारा आत शिरला तर कोळशाची राख होते, म्हणून रात्रीही भट्टीशेजारी जागावं लागतं. चार ते सहा किलो लाकडामागे किलोभर कोळसा पदरात पडतो.

जागणारी माणसं बहुधा कातकरी. खैराचा कात काढणं हा त्यांचा जुना धंदा. इंग्रजांच्या जंगल कायद्यांनी रान हातातून गेलं आणि अनेक कुटुंबं कोळशाकडे वळली. रायगड-ठाण्याकडून दिवाळीनंतर पोराबाळांसह बाहेर पडायचं आणि पावसाळ्याआधी परतायचं. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, आणि हंगाम संपला तरी ती फिटतेच असं नाही. वेठबिगारी कायद्याने १९७६ साली संपली. उचल संपली नाही.

आता गच्चीवरच्या शेगडीकडे येऊ. हौशी मंडळींची तक्रार असते की कोळशावर भाजूनही मांसाला ‘धुराची चव’ येत नाही. कशी येईल? धुराची चव लाकडातलं लिग्निन तापून फुटतं त्यातून येते, आणि ते भट्टीतच संपलेलं असतं. कोळसा म्हणजे धूर काढून घेतलेलं लाकूड. तो धूर आधीच कातकऱ्याच्या पोरांच्या छातीत गेला. शेगडीवर जो वास सुटतो तो निखाऱ्यावर ठिबकणाऱ्या चरबीचा. गंमत अशी की टेक्सासात मांसाला धूर द्यायला ज्या मेस्कीटच्या लाकडाचं कौतुक होतं, ते वेड्या बाभळीचं सख्खं भावंड आहे. तिथे त्याच्या ढलप्या पिशव्यांत भरून विकतात, आणि आपण धूर हवेत सोडून उरलेला कोळसा पोत्यात भरतो.

गॅसचं काम वेगळं. मुंडी-पाय जाळायला गॅसचा बर्नर उत्तम. केस झटपट जळतात, काजळी बसत नाही. घरात धूर हवाच असेल तर करवंटीचा तुकडा गॅसवर लाल करून वाटीत ठेवावा, वर तूप सोडावं आणि झाकण लावावं. हा धुंगार. पण हा धूर तुपाचा असतो, लाकडाचा नव्हे.

लाकडाचाच हवा असेल, तर निखारे पांढुरके झाल्यावर त्यावर बाभळीची एखादी सुकी ढलपी टाका. ओली नको, चव कडवट होते. आणि शेगडी उघड्यावरच मांडा. बंद खोलीत कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो ना वासाला येतो, आणि झोपेतच माणूस मारतो.